ड्राय बाल्कनीतल्या ट्रॅपचं पाणी जातंय कुठे? (वास, गुडगुड आणि खालच्या मजल्यावर फेस)

चिंचगुळ
लोकहो, प्लंबिंगमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

आम्ही कोथरूडला सात मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. बांधकाम नव्वदच्या दशकातलं. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी आहे. तिथे मशिन (फ्रंट लोड, सात किलो), भांडी घासायची मोरी आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, ज्याच्या खाली थोडं पाणी साठून राहतं). मशिनची नळी ट्रॅपच्या जाळीतून आत सोडलेली आहे. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. यंदा जूनपासून मात्र तिथे उभं राहवत नाही असा वास सुटतो. गंमत म्हणजे तो दिवसभर नसतो. सकाळी नऊ-साडेनऊला सुरू होतो आणि मी बादलीभर पाणी ओतलं की बंद होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच सुमाराला ट्रॅपमधून गुडगुड आवाज येतो, तेही आमचं मशिन बंद असताना. झुरळंही वाढली आहेत.

एक प्लंबर येऊन गेला. जाळी काढली, रॉड मारला, पैसे घेतले, आणि आठवड्याच्या आत ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्याने सांगितलं की ट्रॅपला तडा गेलाय, पाणी झिरपतंय, फरशी फोडून नवा बसवावा लागेल आणि वरून वॉटरप्रूफिंग. त्याचा आकडा ऐकून आमच्या ह्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटतील तेव्हा ऐकवतात की त्यांच्या बाल्कनीत साबणाचा फेस वर येतो, तो आमच्याच मशिनचा. "तुम्ही पावडर फार टाकता हो." मी लिक्विड वापरते, तेही बेताचंच.

फरशी फोडू का? की आधी आणखी काही तपासू?

मधुमालती
अगं, पावसाळ्यात सगळ्यांकडेच येतो हा वास. रात्री झोपताना खायचा सोडा आणि व्हिनेगर ओत, वरून कढत पाणी. सकाळी बघ.

बिनपगारी_प्लंबर
बाजारात सिलिकॉनची वन-वे जाळी मिळते, ट्रॅपच्या तोंडात बसते. पाणी खाली जातं, वास आणि झुरळं वर येत नाहीत. फरशी फोडायची गरज नाही. आमच्या ठाण्याच्या घरी सगळ्या ट्रॅपमध्ये टाकल्या आहेत.

आठबाराची_लोकल
सोड्याने काही होणार नाही, थेट ॲसिड टाका. आमचा सफाईवाला तेच करतो.

कोबा
ॲसिड अजिबात नको. आधी कोणी त्यात ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवाला क्लीनर टाकलेला असेल तर क्लोरीन वायू सुटतो, आणि ड्राय बाल्कनीला बऱ्याचदा काचेच्या खिडक्या लावून बंद केलेलं असतं. शिवाय इथे चोकअप आहे असं मला लक्षण दिसत नाही. चोकअप असता तर पाणी तुंबलं असतं. तुमचं पाणी तुंबत नाही, उलट गायब होतंय.

(मी इमारतींच्या पाणी-ड्रेनेजच्या कामांत आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. म्हणून जरा अधिकारवाणीने बोलतो, राग नसावा.)

चिंचगुळ, ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं ते मुद्दाम. तेवढंच पाणी तुमच्या घराच्या आणि पाइपाच्या मधलं दार असतं. या पाण्याच्या सीलची खोली साधारण ५० मिमी धरतात. ते सील टिकलं की वास नाही, झुरळ नाही. पाणी ओतल्यावर वास जातो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ट्रॅप भरला की दार लागतं. सकाळी नऊच्या पुढे कोणीतरी ते दार उघडतंय. तो कोण, एवढं शोधायचं.

फरशीला हात लावायच्या आधी हे करून बघा. रात्री मशिन, मोरी सगळं बंद झाल्यावर जाळी काढा आणि ट्रॅप तोंडोतोंड भरा. जास्तीचं पाणी वाहून गेलं की खराट्याचा एक हीर सरळ तळाला टेकवा, बाहेर काढा आणि किती ओला झाला ते पट्टीने मोजा. सकाळी उठल्याबरोबर, काही वापरायच्या आत, पुन्हा मोजा. मग नऊ वाजता तिथेच थांबा, मोबाइलचा टॉर्च आत मारा आणि पाण्याकडे बघत राहा. पुन्हा मोजा. तीन आकडे इथे टाका.

मधुमालती
कोबा, रात्रीत पाणी कमी झालं तर काय समजायचं?

कोबा
तर दुसरा प्लंबर खरा असू शकतो, ट्रॅपला किंवा त्याच्या जॉइंटला गळती असेल. पण आणखी एक कारण असतं, ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. मशिनच्या पाण्यातून केस आणि सुताचे धागे येतात. एखादा पुंजका ट्रॅपच्या आतल्या कडेवर अडकतो, एक टोक पाण्यात आणि दुसरं पलीकडे पाइपात लोंबतं. समईच्या वातीतून तेल चढतं त्याच तत्त्वावर पाणी त्या पुंजक्यातून चढून पलीकडे थेंब थेंब पडत राहतं आणि सकाळपर्यंत ट्रॅप बराचसा रिकामा. अशा वेळी तडा शोधत फरशी फोडली जाते. बोटाने किंवा तारेच्या आकड्याने तो पुंजका ओढून काढला असता तरी भागलं असतं.

माडाखाली
गोव्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे, वर्षातले बरेच महिने बंद. उघडलं की आधी वासाने स्वागत. पाणी नुसतं वाळतं. आम्ही आता निघताना प्रत्येक ट्रॅप भरून वर थोडं खोबरेल ओततो. तेलाचा थर तरंगत राहतो आणि बाष्पीभवन फार मंदावतं. चिंचगुळच्या केसमध्ये उपयोग नाही म्हणा, त्यांचं तर रोज वापरात आहे.

आठबाराची_लोकल
वाळलेल्या ट्रॅपवरून आठवलं. २००३ मध्ये हाँगकाँगला आमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या साथीचे ३०० हून जास्त रुग्ण निघाले होते. तपासात जे मार्ग समोर आले त्यात बाथरूममधले कोरडे पडलेले फ्लोअर ट्रॅप होते. लोक बाथरूम पुसून घेत, पाणी ओतत नसत, त्यामुळे ट्रॅप कोरडे. वर एक्झॉस्ट पंखा चालू, तो पाइपातली हवा आत खेचायचा. त्यामुळे हा प्रश्न फक्त नाकाचा नाही.

चिंचगुळ
कोबाकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), प्रयोग केला.

रात्री हीर ९ सेंटीमीटर ओला. सकाळी सहाला ९ च. म्हणजे गळती नाही! दुसऱ्या प्लंबरचा चहा वाचला ते बरंच झालं.

नऊनंतर स्टूल घेऊन बसले. आमच्या वर दोन मजले आहेत आणि दोन्हीकडे त्याच वेळी मशिन लागतं, कामाच्या बाई दोन्ही घरी त्याच आहेत. डक्टमधल्या (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतल्या) पाइपातून पाणी धो धो पडायचा आवाज आला आणि ट्रॅपमधलं पाणी आधी नुसतं थरथरलं. मग मधोमध खोलगट झालं, आतल्या बाजूला सरकलं, एकदम घुटका घेतल्याचा आवाज आला आणि पातळी खाली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी गुडगुड झाली आणि लगेच वास. हीर घातला तर जेमतेम ४ सेंटीमीटर ओला.

व्हिडिओ काढलाय. घरातल्यांना दाखवला तर म्हणतात ट्रॅपमध्ये भूत आहे.

कोबा
काका चालेल, आजोबाही चालेल.

९ चे ४ झाले, म्हणजे ५ सेंटीमीटर गेले. सीलच तेवढं होतं. दार उघडं पडलं.

याला आम्ही सायफनेज म्हणतो. वरच्या मजल्याचं पाणी उभ्या पाइपातून कोसळतं तेव्हा ते हवा सोबत ओढत नेतं. ती हवा भरून यायला हवी. त्यासाठी उभा पाइप गच्चीच्या वर नेऊन उघडा ठेवलेला असतो, तोंडावर जाळीची टोपी, तिला काऊल म्हणतात. वरून हवा येत राहिली की पाइपातला दाब बाहेरच्या दाबाइतकाच राहतो. वरून आली नाही की पाइप ती दुसरीकडून ओढतो, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे तुमचा ट्रॅप. फरक फार मोठाही लागत नाही. वातावरणाचा दाब सुमारे १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तुमचं सील ५ सेंटीमीटरचं. म्हणजे अर्धा टक्का दाब कमी झाला तरी खेळ खलास.

आता मला एकच सांगा. यंदा उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं का?

चिंचगुळ
अय्या! हो. एप्रिल-मेमध्ये. तुम्हाला कसं कळलं?

कोबा
त्रास जूनपासून आहे म्हणालात. पावसाळ्याने ट्रॅप सुकत नाहीत. पावसाळ्याच्या आधी गच्चीवर काम होतं, आणि त्या कामात पाइपांची तोंडं आड येतात.

वॉचमनला घेऊन वर जा. तुमच्या डक्टच्या डोक्यावर कमीत कमी दोन पाइप दिसायला हवेत. एक संडासाचा, एक मोरी-बाल्कनीचा. जुन्या इमारतींत ही दोन्ही वेगळी असतात. दोन्हींची तोंडं उघडी आहेत का बघा आणि फोटो टाका. कठड्याच्या पलीकडे वाकू नका, पावसात शेवाळं असतं.

जर्सीतली_मावशी
रोचक धागा! इथे अमेरिकेत लॉन्ड्री बहुतेक तळघरात नाहीतर वेगळ्या खोलीत, आणि हाच आजार इथेही. आमच्याकडे मशिनची नळी जमिनीतल्या ट्रॅपमध्ये सोडत नाहीत. भिंतीत ५० मिमीचा उभा पाइप असतो, त्याच्या खाली ट्रॅप. बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या नियमांत हा पाइप ट्रॅपच्या पाण्यापासून ४५ सेंमी ते १०७ सेंमीपर्यंत उंच ठेवायला सांगतात. नळी त्यात नुसती अडकवायची, भोवती फट ठेवायची.

आमच्या आधीच्या मालकाने लॉन्ड्री वर हलवताना व्हेंटच (हवा येण्याचा पाइप) जोडलं नव्हतं. मशिनने पाणी सोडलं की शेजारच्या सिंकचा ट्रॅप रिकामा व्हायचा. छतातून पाइप काढायचा खर्च फार, म्हणून प्लंबरने एअर ॲडमिटन्स व्हॉल्व्ह बसवला. मुठीएवढी वस्तू. पाइपात ओढ निर्माण झाली की उघडतो, हवा आत घेतो, मग आपल्या वजनाने बंद होतो. काही राज्यांत चालतो, काहींत बंधनं आहेत. चिंचगुळ, गच्चीवर काही करता येत नसेल तर तुझ्या बाल्कनीतच असा व्हॉल्व्ह लावता येईल का विचार.

बिनपगारी_प्लंबर
म्हणजे माझी वन-वे जाळी बाद?

कोबा
झुरळांसाठी चांगली आहे. पण मशिनचे धागे तिच्या पाकळ्यांत अडकतात, मग ती धड बंद होत नाही आणि धड उघडतही नाही. मोरीच्या ट्रॅपला ठीक, मशिनच्या ट्रॅपला लावलीत तर दर आठवड्याला काढून धुवावी लागेल. आणि मूळ कारण तसंच राहतं.

मावशींच्या व्हॉल्व्हबद्दल. वस्तू उत्तम आहे, इकडेही मिळते. पण तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. पाचव्या मजल्याची ओढ त्याने थांबेल. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा फेस थांबणार नाही, कारण तिथे हवा दाबून वर येते आहे.

मधुमालती
हे कळलं नाही. एकाच पाइपात वर ओढ आणि खाली दाब?

कोबा
हो, अगदी तसंच होतं. कोसळणारं पाणी मागची हवा ओढतं आणि पुढची हवा ढकलतं. तळाशी उभा पाइप आडवा होतो, तिथे बेंडमध्ये पाण्याचा वेग एकदम कमी होतो, पाणी पाइपभर फुगतं आणि ढकललेली हवा अडते. ती मग तळाजवळच्या ट्रॅपमधून बाहेर येते. साबणाचं पाणी असेल तर त्यात आणखी भर. पाणी निघून जातं आणि फेस बेंडमध्ये बसून राहतो. पुढचं मशिन सुटलं की त्या फेसाला वर यायला पहिला मजलाच सापडतो. काकूंच्या बाल्कनीतला फेस तुमच्या एकटीचा नाही, सातही मजल्यांचा आहे. त्यांना सांगून बघा. पटेलच असं नाही.

अमेरिकेतल्या एका प्रमुख प्लंबिंग संहितेत यासाठी नियमच आहे. साबणाचं पाणी येणारा उभा पाइप जिथे आडवा होतो त्याच्या आठ फुटांच्या आत, म्हणजे सुमारे २.४ मीटरमध्ये, दुसरं काही जोडू नये. आपल्याकडे चांगला कन्सल्टंट असेल तर तळमजला आणि बऱ्याचदा पहिला मजलाही मुख्य पाइपात न जोडता वेगळ्या पाइपाने थेट खालच्या चेंबरला नेतो. नव्वदच्या दशकात ड्राय बाल्कनीत भांडी घासली जात. सातही मजल्यांवर मशिन येईल आणि सगळी एका वेळी चालतील, हे कोणी गृहीत धरलं नव्हतं. पुण्याचं धरणाचं पाणी बोअरच्या मानाने मऊ, त्याला फेसही जास्त येतो.

आठबाराची_लोकल
कन्सल्टंट वगैरे नशीबवानांना. आमच्याकडे डोंबिवलीला बिल्डरने बाल्कनीचं आउटलेट पावसाच्या पाइपाला जोडलंय. लोकांनी मशिन तिथे ठेवली. आता खाली पार्किंगमध्ये साबणाचं पाणी वाहतं आणि गाड्यांवरून भांडणं.

कोबा
हा प्रकार सर्रास आहे आणि चुकीचा आहे. पावसाच्या पाइपाला ट्रॅप नसतो, आणि त्याचं पाणी पावसाळी गटारातून थेट नाल्यात जातं, मैलाशुद्धीकरण केंद्राकडे नाही. पाइपही हलके असतात. आयएस १३५९२ या भारतीय मानकात पीव्हीसी पाइपांचे दोन प्रकार आहेत. ए प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि व्हेंटसाठी, बी प्रकार सांडपाणी आणि मैल्यासाठी. पाइपावर छापलेलं असतं, डक्टमध्ये टॉर्च मारून वाचता येतं. तुमच्या सोसायटीला बाल्कन्यांसाठी वेगळी वेस्ट लाइन टाकून घ्यावी लागेल. महाग पडेल, पण दुसरा उपाय नाही.

चिंचगुळ
जाऊन आले. फोटो जोडतेय.

फोटो १: शेजारच्या डक्टवरचे दोन पाइप, दोन्हींवर टोप्या. फोटो २: आमच्या डक्टवरचा संडासाचा पाइप. टोपी वाकडी झालीय, पण आहे. फोटो ३: हा बघा! दुसरा पाइप कोब्याच्या पातळीला कापलाय, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण बसवलंय, भोवती सिमेंटचा गोल फिरवलाय आणि वरून पांढरा रंग मारलाय. इतकं सफाईदार काम की वॉचमनला तिथे पाइप होता हेही आठवेना.

सेक्रेटरींनी ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणतो, "मॅडम, त्यातून पाऊस आत जात होता, म्हणून बंद केला. फ्री ऑफ कॉस्ट केलंय."

बिनपगारी_प्लंबर
फ्री ऑफ कॉस्ट!! :हहपुवा:

कोबा
पाऊस आत जातो म्हणे. ११० मिमी पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटीमीटर. दिवसभरात १०० मिमी पाऊस कोसळला, पुण्यात तसा दिवस क्वचित उजाडतो, तरी आत जाणार एक लिटरच्या आत पाणी. सहाव्या मजल्यावरचं एक मशिन त्याच पाइपात एका धुण्याला ५०-६० लिटर सोडतं.

आता काम काय करायचं ते लिहितो, सेक्रेटरींना दाखवा. झाकण नुसतं तोडून ठेवू नका, कोब्याच्या पातळीला उघडं तोंड राहिलं तर गच्चीवरचं सगळं पाणी, पालापाचोळा त्यात जाईल. सिमेंट हलक्या हाताने छिलून पाइपाचं टोक मोकळं करायचं, त्यावर कपलर बसवून त्याच मापाचा पाइप चढवायचा, माणसाच्या डोक्याच्या वर जाईल इतका. गच्चीवर लोक वाळवणं घालतात, त्यांच्या नाकाशी तोंड यायला नको. तोंडावर काऊल. एल्बो लावून तोंड खाली वळवायचा मोह होतो, टाळा. वाऱ्याने हलू नये म्हणून डक्टच्या भिंतीला क्लॅम्प मारा. बुडाशी पाइप आणि कोबा यांच्यामध्ये कॉलर करून वॉटरप्रूफिंगचा कोट पाइपावर वीतभर चढवा, नाहीतर सातव्या मजल्याच्या छतात ओल येईल आणि पुढच्या उन्हाळ्यात दुसरा ठेकेदार तोच पाइप पुन्हा कापेल.

माप कमी करू नका. ११० चा पाइप असेल तर वरही ११० च. काही लोक वर ५० ची नळी लावून काम उरकतात.

चिंचगुळ
सेक्रेटरी म्हणतात मीटिंगमध्ये घेऊ. आणि चेअरमन म्हणतात त्रास तुमच्या फ्लॅटला आहे तर खर्च तुम्ही करा.

जर्सीतली_मावशी
चेअरमन जगभर सारखेच. :)

माडाखाली
चिंचगुळ, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, त्यात ड्रेनेज लाइन आणि गच्ची दोन्ही येतात. फ्लॅटच्या आतलं ते तुमचं. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत मागा आणि ते पान उघडूनच अर्ज द्या. लेखी द्या आणि पोच घ्या. जिन्यात बोललेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

कोबा
आणि सहाव्या-सातव्या मजल्यावाल्यांना विचारा. तोंड बंद असेल तर त्यांच्याकडेही गुडगुड असणारच. तीन सह्यांचा अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा लवकर वाचला जातो.

दरम्यान घरात एक सुधारणा करून घ्या. तुमच्या मशिनची नळी ट्रॅपच्या तळापर्यंत घुसवलेली दिसतेय फोटोत. तिचं टोक पाण्यात बुडलेलं नको. एक तर मशिनचा पंप सगळ्या जोराने त्या सीलवरच पाणी मारतो आणि जाताना सील घेऊन जातो. दुसरं, टोक जमिनीलगत राहिलं तर मशिन भरतानाच पाणी आपोआप निघून जायला लागतं, ते भरतच राहतं. बहुतेक मशिनच्या पुस्तिकेत नळीची उंची जमिनीपासून ६० ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान दिलेली असते. मावशींनी सांगितलं तसा भिंतीला उभा पाइप क्लॅम्पने बसवा, खालचं टोक ट्रॅपच्या जाळीच्या थोडं वर संपवा, नळी वरून अडकवा. फटी एम-सीलने बुजवू नका. बुजवायला लोकांचे हात शिवशिवतात.

मधुमालती
माझ्याकडे नळी बुजवलेलीच आहे आणि मशिन मधूनच ड्रेन एरर दाखवतं. आज काढते.

चिंचगुळ
अपडेट. सहाव्या आणि सातव्या मजल्यानेही सही केली. सातव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या की त्यांना वाटत होतं मशिन बिघडलंय, दोनदा मेकॅनिक बोलावला. मीटिंगमध्ये माडाखालींनी सांगितलेलं पान ठेवलं, फार वाद झाला नाही. दुसऱ्याच एका माणसाकडून पाइप चढवून घेतला. काकांनी लिहिलेलं सगळं मी छापून त्याच्या हातात दिलं होतं, त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि केलं मात्र तसंच.

हीर पुन्हा घातला. वरची दोन्ही मशिन सुटल्यानंतरही ८ सेंटीमीटरच्या वरच ओला. पाणी जरा हेलकावतं, पण जागा सोडत नाही. वास नाही. गुडगुड नाही.

काकूंकडचा फेस बराच कमी झालाय, पण आहे. त्या आता म्हणतात "निम्मी पावडर तरी कमी केलीत म्हणायची."

कोबा
८ चांगलं आहे. थोडं हललं पाहिजेच, पाणीच आहे ते.

फेसाचं तळाशी बघा. उभा पाइप पार्किंगमध्ये जिथे आडवा होतो तिथे डोअर बेंड असेल, म्हणजे बोल्टने बंद केलेली खिडकी असलेला बेंड. सगळ्यांना सांगून ठेवा की अर्धा तास कोणी पाणी सोडू नका, मगच उघडा. उघडणाऱ्याने समोर उभं राहू नये, बाजूला राहावं. अनुभवाचे बोल.

चिंचगुळ
उघडला. हे सगळं आत होतं: राखाडी रंगाचा घट्ट थर, बेंडची निम्मी जागा खाल्लेला. त्यात सुताचे धागे, केस, भाताची शितं, एक बटण, लहान मुलाचा मोजा. हात लावला तर मेणचट.

कोबा
मोरी आणि मशिन एकाच पाइपात, म्हणून असं होतं. खरकट्या भांड्यांचं तूप-तेल गार होऊन पाइपाला चिकटतं, त्यावर मशिनचे धागे बसतात, मग आणखी तेल. नुसत्या मशिनच्या लाइनमध्ये इतकं घट्ट होत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तो बेंड उघडून साफ करायचं सोसायटीच्या कामांत घाला. भांडी घासणाऱ्या बाईंना म्हणावं, तेलकट कढई आधी कागदाने पुसा. मोजा कोणाचा ते मी विचारत नाही.

काकूंना कायमचा आराम हवा असेल तर त्यांची लाइन मुख्य पाइपातून तोडून वेगळी चेंबरला न्यावी लागेल. पहिलाच मजला आहे, डक्टमधून खाली तीन-साडेतीन मीटरचा पाइप. ते काम मोठं नाही.

चिंचगुळ
काकू तयार आहेत. सोसायटीने खर्च केला तर. मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. फरशी शाबूत आहे!

आठबाराची_लोकल
+१, धागा वाचनखुणेत.

आगरातला
उशिरा आलो, पण एक शंका. रत्नागिरीजवळ आमचं बैठं घर आहे, सेप्टिक टँक आहे. मशिन परसदारी पडवीत ठेवायचंय. पाणी टँकमध्ये सोडू का? टँकच्या व्हेंटला चालेल का तेच? वडील म्हणतात केळीच्या आळ्यात सोड.

कोबा
टँकमध्ये नको. साबणाच्या पाण्याचा एवढा लोंढा एकदम आला की टँकमधला गाळ ढवळून पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा बुजतो. वडिलांचं बरोबर आहे, पण पाइप थेट केळीच्या बुंध्याशी सोडू नका. आधी एक छोटा चेंबर करा, त्यात धागे अडवायला जाळी, मग आळं. एकाच आळ्यात रोज नको, आलटून पालटून दोन-तीन ठेवा, नाहीतर जमीन साबणाने गच्च होते. ब्लीचवाली पावडर वापरत असाल तर त्या दिवसाचं पाणी केळीला नको. पडवीत ट्रॅप मात्र लावाच, आळ्यातून पाइपावाटे उंदीर येतात.

टँकचा व्हेंट टँकसाठीच. त्यावर मच्छरजाळी आहे का बघा, कोकणात ती दोन-तीन पावसाळ्यांत गंजून गळून पडते. नायलॉनची लावा.

आगरातला
जाळी नाहीच आहे. उद्या लावतो. आळ्याला पाइप कितीचा घेऊ?

कोबा
७५ चा. उतार मीटरला दोन सेंटीमीटर धरा. आणि माडापासून लांबून न्या, मुळं जॉइंटमधून आत शिरतात.